पानातलं मीठ

चर्चच्या दारात बाबा वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

“आजोबा, नो! हे रेस्टॉरंट आहे लाह,” कस्तुरी म्हणाली. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना घाई झाली की ती मध्येच इंग्रजीत शिरते, आणि शेवटी सिंगापूरकरांचं ‘लाह’ जोडते.

“आधी काय होतं?”

“चर्च. बट लाँग अगो.”

“मग झालं तर,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही बूट जोडीने भिंतीशी लावून ठेवले.

दारात यादीत आमचं नाव बघणारी मुलगी होती. काळा पोशाख, केस घट्ट बांधलेले. तिने बुटांकडे पाहिलं, मग बाबांच्या राखाडी मोज्यांकडे. आता ही काहीतरी बोलणार म्हणून मी आधीच ओशाळले. पण तिने बूट उचलले, एका कापडी पिशवीत घातले आणि इंग्रजीत म्हणाली, “माझी आजीसुद्धा असंच करते, अंकल. मी सांभाळून ठेवते.”

कस्तुरीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. आम्ही आत गेलो.

या इमारतीवरून मी मरीन परेडहून कामाला जाताना बसने शेकडो वेळा गेले आहे. बाहेरून ती पांढरी, ठेंगणी दिसते. आजूबाजूच्या काचेच्या बिल्डिंगांनी खाली दाबल्यासारखी. आत पाऊल टाकलं तर सगळं उलटं. छत एवढं उंच होतं की नजर वर पोचायला वेळ लागत होता. काळपट लाकडाच्या तुळया एकीमागून एक लांबवर गेलेल्या. सकाळचे साडेअकरा वाजले होते. उजवीकडच्या खिडक्यांच्या रंगीत काचांतून ऊन जवळजवळ सरळ खाली उतरत होतं, आणि पांढऱ्या टेबलक्लॉथांवर लाल, निळे, मधाच्या रंगाचे तुकडे पडले होते. पन्नासेक माणसं जेवत असतील. त्यांचा आवाज वर जात होता आणि खाली येताना त्याची फक्त एक मऊ गुणगुण उरत होती.

बाबा मधोमध थांबले. मोजे घातलेली पावलं गार फरशीवर, मान वर.

“केवढं आहे हे,” ते हळूच म्हणाले. कस्तुरीनेही आपोआप आवाज खाली आणला. “सो बिग,” ती कुजबुजली.

जिथे पूर्वी वेदी असणार, तिथे तीन पायऱ्या चढून आता उघडं स्वयंपाकघर होतं. पांढऱ्या कपड्यांतली आठ-दहा माणसं न बोलता काम करत होती. तांब्याची भांडी चमकत होती.

“गाभाऱ्यात चूल मांडलीय,” बाबा म्हणाले. “वाईट नाही.”

आमचं टेबल भिंतीशी होतं. भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली होती. दीडशे वर्षांपूर्वी इथे तापाने गेलेल्या कुणा बाईचं नाव, वय एकतीस, मागे राहिलेला नवरा. बाबांनी पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली, ओठ किंचित हलवत. ते चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. पुण्यातल्या एका छापखान्यात रोज आठ तास दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणं हे त्यांचं काम. काहीही वाचायचं म्हणजे ते असंच वाचतात. लग्नपत्रिका हातात आली की अभिनंदनाच्या आधी चुका सांगायचे.

“हिची परवानगी घ्यायला हवी,” ते म्हणाले, पाटीला नमस्कार केला आणि बसले.

बाबा मंगळवारी पुण्याला परत जाणार होते. महिनाभर आमच्याकडे राहिले, आणि त्या महिन्यात आईचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. आईला जाऊन सात महिने झाले होते. मी विषय काढला की ते “हं” म्हणायचे आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचे. माझा नवरा सारंग कामासाठी जकार्ताला गेला होता. “यंदा घरात गोडधोड नाही, सण नाही, निदान त्यांना एकदा कुठेतरी चांगल्या ठिकाणी घेऊन जा,” असं म्हणून त्यानेच हे टेबल सांगून ठेवलं होतं. सिंगापूरमधल्या फार नावाजलेल्या जागांपैकी ही एक. शाकाहारी जेवण करतो म्हणाले होते.

मला मात्र इथे दुसऱ्याच कारणाने यायचं होतं. बाबांना चव कळते का, हे मला जाणून घ्यायचं होतं.

हे सांगायचं तर आईच्या स्वयंपाकाबद्दल सांगायला हवं. आई आंघोळ करून स्वयंपाकाला लागायची आणि देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायची नाही. देवाआधी चाखलं तर ते उष्टं. आमटी, भाजी, भात, सगळं अंदाजाने. फोडणीच्या वासावरून, उकळीच्या आवाजावरून. नैवेद्य झाला की पहिलं पान बाबांचं, कारण त्यांना दहाला छापखान्यात पोचायचं असायचं. म्हणजे आईने काय केलंय हे देवानंतर पहिल्यांदा बाबांच्याच तोंडाला कळायचं. ती पान वाढायची: वर मधोमध चिमूटभर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. आणि मग दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. हातात डाव, डोळे बाबांच्या बोटांवर. वरच्या मिठाला हात गेला, तर तिचा दिवस गेला.

बाबांचा हात कधीच गेला नाही. त्यांच्या वडिलांच्या घरची शिस्त होती, पानावर बसून चवीची चर्चा करायची नाही. चांगलं नाही, वाईट नाही. आई विचारायची, “कसं झालंय?” बाबा म्हणायचे, “वाढ.” जेवून उठायचे. पान स्वच्छ, आणि वर चिमूटभर मीठ तसंच.

शेवटच्या वर्षी औषधांनी आईच्या तोंडाची चव गेली, मग वासही गेला. तरी नैवेद्याचा स्वयंपाक तिने सोडला नाही. स्टुलावर बसून करायची. मी नोव्हेंबरमध्ये दोन आठवडे पुण्याला गेले होते तेव्हाची गोष्ट. मी आणि बाबा शेजारी-शेजारी जेवायला बसलो. आमटीत मीठ अजिबात नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. मी दुसरं काही बोलत होते, आणि बोलता बोलता माझा हात मिठाकडे गेला. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. आई स्टुलावरून माझ्या बोटांकडे बघत होती. मग तिने बाबांच्या पानाकडे पाहिलं. ते आमटीभात कालवून नेहमीसारखे जेवत होते. मीठ जागच्या जागी.

संध्याकाळी मी तिचे पाय चेपत होते, तेव्हा ती म्हणाली, “त्यांना कळलंसुद्धा नाही, बघितलंस? चाळीस वर्षं मी त्या चौकटीत उगीच जीव टाकला.”

“असं काय बोलतेस?”

“माझ्या हातचं त्यांना कधी आवडलं असेल का गं?”

“आवडायचंच. मला सांगितलंय त्यांनी.”

“काय सांगितलं?”

मी जे सुचलं ते बोलले. “म्हणाले, विनू, जगात कुठेही जा, तुझ्या आईच्या आमटीची सर कशाला येणार नाही.”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला हसू आलं होतं. “तू पुस्तकं फार वाचतेस,” ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

त्यानंतर नऊ आठवड्यांनी ती गेली. तिने ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला नाही ती खरी होती की नाही, हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही मत तिच्यासारखंच झालं होतं. ज्या माणसाला पाचशे पानांत एक चुकलेली वेलांटी दिसते, त्याला आमटीत मीठ नाही हे कळत नसेल, तर त्याला जिभेचं वरदानच नाही, दुसरं काय? या गोष्टीचा मला राग होता. तो राग घेऊन त्यांना विमानात बसवणं मला जमलं नसतं.

पहिला पदार्थ आला. हातभर रुंद पांढऱ्या ताटात मध्ये बिटाची एक गोल चकती आणि तिच्यावर फेस. वाढणाऱ्या बाई चाळिशीच्या, उंच, अतिशय नम्र. बीट कुठल्या डोंगरावरून आलं, ते किती तास मंद आचेवर होतं, फेस कशाचा, हे त्यांनी दोन मिनिटं सांगितलं. आम्ही तिघांनी ऐकून घेतलं.

“समवन स्नीझ्ड ऑन इट,” त्या गेल्यावर कस्तुरी म्हणाली.

“कस्तुरी.”

“फेसच आहे ना पण!”

बाबा शांतपणे जेवत होते. बिटाला बिटाचीही चव नव्हती.

“कसं आहे, बाबा?”

“हं.”

दुसरं फ्लॉवर होतं, अख्ख्या ताटात एक तुरा, भोवती पांढरं काहीतरी ओघळलेलं. दिसायला इतकं सुंदर की मोडवेना. तोंडात घातल्यावर मात्र उकडलेला ओला कागद. निळ्या उन्हाचा एक तुकडा सरकत सरकत बाबांच्या मनगटावर आला होता. त्यांनी फ्लॉवर संपवलं, ताटातलं पांढरंही पावाच्या तुकड्याने पुसून घेतलं. पानात टाकायचं नाही, हीसुद्धा त्याच घरची शिस्त.

“आवडलं?”

“सारखं काय विचारतेस, विनू? जेव की.”

माझी आशा तिथेच संपली. मी वर छताकडे बघत राहिले. एवढी जागा माणसांनी हातांनी उभी केली, कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी त्या तुळयांवर चढून खिळे ठोकले, आणि तिच्याखाली बसून मी माझ्या बापाच्या जिभेची परीक्षा घेत होते. मला लाज वाटली. राहू दे, असं मी मनाशी म्हटलं. कळो न कळो. म्हातारा माणूस आहे, बायको गेलीय, जेवतोय तेवढं पुष्कळ आहे.

मग भात आला. मऊसर, मश्रूमचा, वर सोन्याच्या वर्खाचा बारीक तुकडा. बाबांनी एक चमचा खाल्ला. दुसरा घेतला. मग त्यांनी चमचा ताटात ठेवला आणि ताटाच्या वरच्या कडेकडे बघितलं, जिथे काहीच नव्हतं.

त्यांनी हात वर केला. बाई लगेच आल्या.

“प्लीज,” बाबा त्यांच्या सावकाश, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, “थोडं मीठ मिळेल का?”

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. “सर, शेफनी पदार्थात मीठ बेतून घातलेलं आहे. आम्ही सहसा—”

“त्यांचा अपमान नाही. थोडंसं.”

“आजोबा, सो रूड लाह,” कस्तुरी टेबलाखाली तोंड नेऊन म्हणाली.

बाई त्या तीन पायऱ्या चढून गेल्या. तिकडे सगळे जण सारखे चाखत होते हे माझ्या आता लक्षात आलं. एका भांड्यात चकचकीत छोटे चमचे उभे केलेले. प्रत्येक माणूस एक उचलायचा, चाखायचा आणि दुसऱ्या भांड्यात टाकायचा. तो किणकिणाट मला मघापासून ऐकू येत होता. मला वाटलं होतं कुठेतरी बारीकशी घंटा वाजतेय. बाई एका ठेंगण्या माणसाच्या कानाशी वाकल्या. त्याने मान उंचावून आमच्या टेबलाकडे पाहिलं.

मीठ आलं, दगडाच्या वाटीत. बाबांनी चिमूट घेतली, ताटाच्या वरच्या रुंद कडेवर मधोमध ठेवली. मग तिच्यातले चार खडे बोटाने उचलले, भातात कालवले आणि एक घास खाल्ला.

“आता बरंय,” ते म्हणाले.

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला होता. “तुम्हाला मीठ कमी लागलं?”

“कमी काय? नाहीच आहे त्यात. बिटात नव्हतं, त्या फ्लॉवरमध्ये तर मुळीच नव्हतं. म्हटलं दोन वेळा चुकतं माणसाचं. तिसऱ्यांदा राहवेना.”

“तुम्हाला कळलं?”

“न कळायला काय झालं?” ते माझ्याकडे बघत राहिले. “तुला नाही कळलं?”

तेवढ्यात तो ठेंगणा माणूस स्वतःच टेबलाशी आला. शेफ तोच. पन्नाशीचा, कपाळावर घाम. रागावला असेल असं मला वाटलं होतं. तो घाबरलेला दिसत होता. “अंकल, मीठ कमी होतं?”

“हो,” बाबा म्हणाले. फार मायेने म्हणाले.

“आम्ही प्रत्येक ताट तीन वेळा चाखतो.”

“तेच झालंय,” बाबा म्हणाले. “मी प्रुफं वाचायचो. एकच पान तीनदा, चारदा वाचलं की चूक दिसेनाशी होते. डोळा थकतो आणि जे हवं तेच वाचतो. तुमची जीभ थकलीय.” मग ते थांबले, आणि पुढचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता, त्या अनोळखी माणसाला सांगितलं. “माझी बायको कधीच चाखायची नाही. एकदाही नाही. चाळीस वर्षं.”

“आणि बरोबर यायचं?” शेफने विचारलं.

बाबांनी हात उचलला आणि बोटांनी वर दाखवलं, छताकडे, तुळयांकडे, त्या सगळ्या उंचीकडे. त्यांना शब्द सापडला नाही. “एवढं,” ते मराठीत म्हणाले.

शेफला मराठी कळत नव्हतं, पण त्याने वर पाहिलं आणि मान डोलावली. तो पायऱ्या चढून परत गेला आणि त्याने सगळ्यांना हातातलं काम थांबवायला लावलं.

मी पाणी प्यायले. मग म्हटलं, “बाबा, तुम्ही घरी कधी मीठ घेतलं नाहीत.”

“नाही.”

“नोव्हेंबरमध्ये आमटीत मीठच नव्हतं, तेव्हासुद्धा नाही.”

“तेव्हा कसं घेणार?” त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. “ती बघत असायची ना, चौकटीतून नाहीतर स्टुलावरून. घेतलं असतं तर तिला दिसलं असतं. न चाखता, नुसत्या विश्वासावर केलेलं असतं ते. त्यावर मी वरून मीठ घालून दाखवू?” भातातला वर्खाचा तुकडा त्यांनी बाजूला सारला. “तू घेतलंस त्या दिवशी. मी बघितलं. तुला बोललो नाही. तुझ्या हाताला सवय नव्हती.”

कस्तुरी माझ्याकडून त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडून माझ्याकडे बघत होती.

“तिला कधी शंका आली नाही ना?” बाबांनी विचारलं. अगदी हलक्या आवाजात विचारलं, पण मला कळलं की हा प्रश्न ते सात महिने खिशात घेऊन फिरत होते. “मीठ चुकतं म्हणून? तुझ्याशी काही बोलली?”

मला सहज सांगता आलं असतं. आईला एकदा जे सांगितलं होतं त्याच चालीवर यांनाही एक वाक्य देता आलं असतं, चांगलं घडवलेलं. ते तयारच होतं तोंडात. पण आई त्याला हसली होती.

“चुकलेलं तिला त्या दिवशी कळलं,” मी म्हटलं. “माझ्या हातामुळे. मग तिने तुमचं पान बघितलं, आणि म्हणाली, त्यांना कळलंसुद्धा नाही. चाळीस वर्षं उगीच जीव टाकला. तिला वाटत होतं, तुम्हाला चव कळत नाही.”

बाबांनी ऐकलं. टेबलक्लॉथवरच्या उजेडाच्या तुकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“असं म्हणाली?”

“हो.”

“म्हणजे फारच चांगलं जमलं म्हणायचं मला,” ते म्हणाले. हसायचा प्रयत्न त्यांनी केला, तो अर्ध्यात राहिला. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. काचा स्वच्छच होत्या.

“सांगायला हवं होतं, बाबा. एकदा तरी.”

“हो,” ते म्हणाले. “हवं होतं.”

एवढंच. त्यांनी कारण दिलं नाही, वडिलांच्या शिस्तीचं नाव घेतलं नाही. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. त्याच्या जागी काय आलं त्याला मी आजही दुःखच म्हणते, पण ते त्या छताएवढं उंच होतं आणि त्यात मला मोकळं उभं राहता येत होतं. एक माणूस रोज दोन वेळा, चाळीस वर्षं, एका चिमटीला हात लावत नाही. बायको ते बघते आणि समजते की याला काही कळत नाही. मुलगी ते बघते आणि तेच समजते. आणि तो तसाच जेवून उठतो.

“आजोबा,” कस्तुरी म्हणाली, “आजीचं हाऊ मेनी टाइम्स चुकलं? टोटल?”

“कस्तुरी, आत्ता नको.”

“असू दे,” बाबा म्हणाले. “सात वेळा. शेवटचं वर्ष धरायचं नाही. ते आजारपण होतं, तिची चूक नव्हे.”

“ओन्ली सेव्हन? तुम्हाला आठवतात?”

“सातही. पहिलं, आमचं लग्न होऊन महिना झाला होता. वांग्याची भाजी, तोंडात धरवेना इतकी खारट. तिच्याकडे बघितलं तर ती नेहमीसारखी उभी. मी जेवलो, छापखान्यात गेलो. पण कामात लक्ष लागेना. म्हटलं, जिचा हात चुकत नाही तिचा आज चुकला, म्हणजे काहीतरी झालंय. चार वाजता घरी आलो. सकाळी पत्र आलं होतं, तिच्या भावाचं. वडिलांना अर्धांगाचा झटका आलेला. तिने मला सांगितलं नव्हतं. मला उशीर होईल म्हणून. रात्रीच्या गाडीने गेलो आम्ही.”

“मग नंतर?” मी विचारलं.

“नंतर तेच. मीठ चुकलं की मी लवकर घरी यायचो. ती विचारायची, आज एवढ्यात कसे? मी सांगायचो, छापखान्यात वीज गेली.”

ती वीज मला आठवत होती. मी शाळेतून आले की कधीतरी बाबा घरात दिसायचे, आणि आई चहा टाकत म्हणायची, पुन्हा गेली वीज? तुमच्या छापखान्याचं काही खरं नाही. त्या संध्याकाळी ते दोघं गॅलरीत बसायचे. काय बोलायचे कुणास ठाऊक. मला फक्त एवढंच माहीत होतं की त्या दिवशी अभ्यासाला कुणी बसवत नाही.

“तिने कधी ओळखलं नाही? मीठ चुकलं की वीज जाते, हे?”

बाबा विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कधी पडला नसावा. “एकदा,” ते सावकाश म्हणाले, “तुझी बारावीची परीक्षा चालू होती तेव्हा. मी घरी आलो, तर ती पायऱ्यांवरच उभी होती. काही झालं नव्हतं म्हणाली. बोलली, आज वीज जाईल असं वाटलंच मला.”

“त्या दिवशी मीठ चुकलं होतं?”

“हो. कोशिंबिरीत.”

“नुसत्या कोशिंबिरीत?”

“नुसत्या कोशिंबिरीत,” बाबा म्हणाले. त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांना मी दिसत नव्हते. त्या पायऱ्या दिसत असाव्यात.

“आजोबा? व्हॉट हॅपन्ड?”

“दही घातल्यावर नैवेद्य झाला होता,” ते म्हणाले. “मीठ ती मागून घालायची, वाढताना, तेव्हा चाखायलाही हरकत नसायची. ते कसं चुकेल? मी घरी यावं म्हणून मुद्दाम?”

नोव्हेंबरातलं आईचं ते हसू मला आठवलं; तिला ठाऊक होतं की काय? वाढणाऱ्या बाई गोडाचं घेऊन आल्या होत्या. त्या थोड्या अंतरावर थांबल्या. बाबांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ताटं हातातच धरून ठेवली, आणि आमच्यातलं कुणीही त्यांना बोलावलं नाही.